चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्वर

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सौदीत जुबैलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी उठवून दिलंय की मी तरुणपणी एका बड्या शेखाचा बंदूकवाला होतो, आणि खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यात भेटली की मला दोन बोटं रोखून ढिशक्याँव करतात. मी पण छातीवर हात धरून कठड्याला टेकतो. गुडघ्यांमुळे तसंही टेकावंच लागतं. शेख नव्हता तो, तेलाच्या कंपनीतून रिटायर झालेला साधा माणूस होता, आणि मी बंदूकवाला नव्हतो, ड्रायव्हर होतो. पण कतीफच्या त्या घरात सदतीस जुनी रिव्हॉल्वरं होती आणि दर गुरुवारी ती पुसायचं काम माझ्याकडे होतं, एवढं मात्र खरं.

आठवीत असताना माझ्या वडिलांचा हात होडीच्या इंजिनात सापडला आणि माझी शाळा सुटली. हर्णैला एका इंजिनवाल्याकडे मी चार वर्षं पाने-पक्कड उचलली, गाडी शिकलो, आणि मामूच्या ओळखीनं व्हिसा निघाला तेव्हा मला मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. निघताना अम्मा म्हणाली होती, "कुणाला उलटून बोलू नको आणि कुणाचं काही मोडू नको." बाकीचं सगळं मी विसरलो असेन, पण ते वाक्य खिशात इकामा, तिथला राहण्याचा परवाना, ठेवावा तसं मी सतत चाचपत असे. मला सगळ्याचंच भय वाटायचं. रात्री गाडी लॉक केली की नाही ते बघायला मी तीनदा उठायचो. ग्लास धुताना तो फुटलेला मला आधीच दिसायचा. आणि कुणी जरा नीट बोललं की डोळ्यांत पाणी यायचं, हा आणखी एक त्रास.

घराच्या मालकाला सगळे अबू सालेह म्हणत. आम्ही कामगार माणसं त्यांना 'बाबा' म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला 'मामा', म्हणजे आई. पहिले काही महिने तिला हाक मारताना मला माझा हर्णैचा मिशाळ मामूच डोळ्यांसमोर यायचा. घर जुन्या खजुरीच्या बागेला लागून होतं. बागेतला पंप दिवसभर ढुक ढुक करायचा आणि त्या आवाजात मला आमच्या खाडीवरच्या होड्या ऐकू यायच्या. स्वयंपाकघरात श्रीवर्धनकडचे हसनचाचा होते. बावीस वर्षं त्या घरात भात शिजवून शिजवून ते स्वतःच मालकासारखे झाले होते. दुपारी मोठ्या थाळ्यात मटण-भात बाहेर गेला की ते आमच्या दोघांसाठी मागच्या ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्या थापत आणि बाजारातून आणलेल्या मासळीचं लालभडक कालवण करत. त्यात घालायची चिंच ते गावाहून आणत. मीठ लावून वळलेले काळे गोळे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डब्यावर दोरी, दोरीला त्यांची स्वतःची गाठ. "सोनं माग, देईन," ते म्हणत, "चिंच मागू नको."

रिव्हॉल्वरांची खोली मजलिसच्या, पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागे होती. थंडगार, एसी कधी बंद नाही, भिंतीला काचेची कपाटं. सगळ्यांची लायसन्सं एका हिरव्या फाईलमध्ये आणि किल्ली बाबांच्या गळ्यात. मी खोलीत जायचो ते फक्त ते समोर खुर्चीत बसलेले असताना. पहिल्या दिवशी त्यांनी मला पांढरे सुती हातमोजे दिले, तेलाचा एक थेंब फडक्यावर पाडून दाखवला, आणि कामगारांकडून शिकलेल्या आपल्या हिंदीत सांगितलं, "पोछना. रगडना नहीं." मग स्वतःच दोनदा बोट हलवलं. "रगडना नहीं, मफहूम?" मी म्हटलं, समजलं.

ती सगळी जुनी अमेरिकन पद्धतीची होती. प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, तेव्हा गोळ्यांची चक्री एक घर पुढे सरकते, आणि मगच चाप दाबायचा. नुसता चाप दाबत राहिलं तर काही होत नाही. "ही बंदूक माणसाला दोनदा विचारते," बाबा म्हणायचे. "एकदा अंगठ्याला, एकदा बोटाला." घोडा हळू ओढला की चार बारीक आवाज येतात, टिक् टिक् टिक्, आणि शेवटचा जरा जाड, टक. बाबा डोळे मिटून ते ऐकायचे आणि कुठलं रिव्हॉल्वर आहे ते सांगायचे. कधी चुकले नाहीत. माझ्या मुलीला हे सांगितलं तर म्हणते, "अब्बा, ही म्हणजे रिंगटोन ओळखण्यासारखीच गोष्ट आहे." असेल.

त्यांतलं एकही बाबांनी कधी झाडलं नव्हतं. आणि हेच त्यांच्या धाकट्या भावाला, नासरला, बघवत नसे. नासर दर शुक्रवारी जेवायला यायचा. दणकट माणूस, हसला की कपातला गहवा, त्यांची कॉफी, हलायचा. त्याच्याकडे तसलीच दोन रिव्हॉल्वरं होती, ओरखडे पडलेली, मुठीची लाकडं झिजलेली, आणि तो वाळवंटातल्या नेमबाजीच्या क्लबात जाऊन ती मनसोक्त वाजवायचा. जेवण झालं की दोघांची जुंपायची. भाषा अरबी, पण भांडण इतकं ठरलेलं होतं की सहा महिन्यांत मला शब्दन् शब्द कळायला लागला.

"शाहीन ससाणा पाळून कुणी कपाटात ठेवतो का?" नासर म्हणायचा. "तो हवेत सोडायचा असतो."

"तुझा शाहीन म्हातारा होतो आणि मरतो," बाबा म्हणायचे. "माझी ही माझ्या नातवाच्या नातवाला मिळतील, आहेत तशीच."

"आणि तो काय करणार? पुसणार?"

"पुसेल. तुझ्यासारखा दर गोळीला थोडं थोडं मारणार नाही."

"वल्ला, तू भाऊ नाहीस, म्युझियमचा चौकीदार आहेस."

मग नासर हळूच मूळ मुद्द्यावर यायचा. त्याला वडिलांचं रिव्हॉल्वर हवं होतं. विकत नको, कायमचं नको, एक दिवस फक्त. त्यांच्या वडिलांना ते तेलाच्या कामावर आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना दिलं होतं, आणि म्हातारा बागेमागच्या उघड्या रानात टोमॅटोचे रिकामे डबे मांडून ते चालवायचा. दोघं भाऊ लहानपणी डबे उचलायला धावायचे. "मला तो आवाज एकदा ऐकायचाय, बस्स," नासर म्हणायचा. बाबा मानेनंच नाही म्हणायचे. ते रिव्हॉल्वर वेगळ्या लाकडी पेटीत असे आणि त्याला ते मला हातही लावू देत नसत, स्वतः पुसत.

मी मनातून पूर्ण बाबांच्या बाजूचा होतो. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. कपाटं आहेत तोवर पुसणारा लागणार. बंदुका वाळवंटात जायला लागल्या तर मी पुन्हा नुसता ड्रायव्हर, आणि नुसते ड्रायव्हर त्या गल्लीत पोत्यानं होते. शिवाय मला अभिमान होता. अम्मानं गावभर सांगितलं होतं की माझा पोरगा अरबाची मौल्यवान वस्तू सांभाळतो. काय वस्तू ते तिनं सांगितलं नव्हतं. घड्याळं असतील असा बहुतेकांचा समज होता.

त्या वर्षी रमजानच्या तिसऱ्या आठवड्याअखेर बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात आपल्या नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. माझं मराठी ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की पेशंटला द्यायच्या सगळ्या सूचना त्यांनी मलाच दिल्या. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, पट्टी आठवडाभर. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, तिथून त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळत. तेव्हा ईदच्या आधीच्या गुरुवारी ते खोलीत आले ते माझ्या खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत बसले, गळ्यातली किल्ली काढून दिली, आणि म्हणाले, "आज वडिलांचं पण तूच पूस. मला दिसत नाही."

मी पेटी उघडली. ते बाकीच्यांपेक्षा जड होतं, किंवा मला वाटलं. रोजा होता, जूनची हवा, एसी असून हातमोज्यात घाम. मोजा ओला झाला तसं फडकं सरकेना, म्हणून मी क्षणभर, अगदी क्षणभर, उजवा मोजा काढला आणि उघड्या हातानं ते धरलं. पुसलं, ठेवलं. दुसऱ्या दिवशी इफ्तारला नासर येणार म्हणून बाबांनी पेटी पुन्हा उघडायला लावली, आणि मला दिसलं: घोड्याच्या खाली, मूठ सुरू होते तिथं, तपकिरी डाग. अंगठ्याच्या आकाराचा. मी माझा अंगठा जवळ नेला. बरोब्बर तेवढाच. खाली मुठीच्या पोलादी पाठीवरही तसलाच तपकिरी रंग पसरलेला, तळव्यासारखा.

काल तो होता का? मी आठवून आठवून थकलो. काल मी घाबरून नीट बघितलंच नव्हतं. पण माझ्यासारख्या माणसाला असल्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक असतं. माझा घाम, माझा अंगठा, माझा गंज. पट्टी निघेल, बाबा पेटी उघडतील, आणि त्यांच्या वडिलांच्या बंदुकीवर एका हिंदी ड्रायव्हरचा अंगठा उमटलेला असेल.

आमच्या घरी ईदच्या आधी सगळी तांब्या-पितळेची भांडी अंगणात निघत. अम्मा आणि दोघी बहिणी चिंच आणि चुलीतली राख घेऊन बसत, आणि काळी पडलेली डेगसुद्धा संध्याकाळपर्यंत नव्यासारखी लखलखायची. त्या भांड्यांच्या रांगेवर ऊन पडलं की अम्मा कमरेवर हात ठेवून बघत राहायची. डाग म्हटला की माझ्या हाताला दुसरा इलाज माहीतच नव्हता. मी हसनचाचांच्या डब्याची गाठ सोडली, एक गोळा घेतला, गहव्याच्या शेगडीतली कोळशाची राख कागदात बांधली, आणि बाबांना म्हटलं, "ईद आली बाबा, रोज थोडं थोडं साफ करू का?" ते खूश झाले. रोज दुपारच्या नमाजानंतर येऊन समोर बसायला लागले. मी त्यांच्या हातात एखादं दुसरं रिव्हॉल्वर द्यायचो, ते त्याचा घोडा ओढत टिक् टिक् ऐकत बसायचे, आणि त्यांच्यापासून चार हातांवर मी त्यांच्या वडिलांचं घासत असायचो.

पहिल्या दिवशी अंगठ्याचा डाग गेला. पण तिथं पांढरट वर्तुळ दिसायला लागलं, डागापेक्षा वाईट. म्हणून भोवतालचं घासलं. मग वर्तुळ मोठं झालं. दुसऱ्या दिवशी मुठीची पाठ, मग नळी, कारण आता नळी मळकी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी सगळं राखाडी झालं तेव्हा मी गाडीच्या बंपरचं पॉलिश आणलं. बाबांनी एकदा नाक वर करून विचारलं, "कसला वास आहे?"

"हसनचाचांचं कालवण, बाबा."

"रमजानमध्ये, दुपारी?"

"इफ्तारची तयारी."

ते पुन्हा हातातल्या रिव्हॉल्वरचा घोडा ओढायला लागले. माझ्या हातात रिव्हॉल्वर आरशासारखं चमकत होतं. खरं सांगतो, मला ते सुंदर वाटलं. कमरेवर हात ठेवून बघावंसं वाटलं.

पट्टी ईदच्या दोन दिवस आधी निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिसतंय, तर बाबा म्हणाले, "तुमच्या नाकावर तीळ आहे," आणि सगळे हसले. गाडीत ते लहान पोरासारखे प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत आले. घरी पोचल्यावर कपडेसुद्धा न बदलता थेट मागच्या खोलीत गेले आणि मला म्हणाले, "यल्ला, वडिलांचं दाखव." नव्या डोळ्यानं त्यांना आधी ते बघायचं होतं.

मी पेटी उघडली. ते बघत राहिले. मग पेटीच्या झाकणाकडे बघितलं, पेटी तीच आहे ना म्हणून. मग ते हातात घेऊन खिडकीपाशी गेले.

"इथं रंग होता," ते म्हणाले. अंगठा घोड्याखाली ठेवून. "तपकिरी."

"गंज होता, बाबा. मी काढला."

"गंज नव्हता." ते म्हणाले. "तीस वर्षं त्यांनी इथं अंगठा ठेवला. तो त्यांचा अंगठा होता."

मग त्यांनी विचारलं, "मी सांगितलं नव्हतं, रगडायचं नाही?"

आणि मी म्हटलं, "मला समजलं नाही, बाबा. अरबी."

त्यांनी पेटी बंद केली, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गळ्यात घातली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हसनचाचांना मी सगळं सांगितलं. आधी त्यांनी चिंचेचा हिशेब घेतला. "म्हणजे तो गोळा तू? मी बिचाऱ्या माळ्याला शिव्या दिल्या!" मग कपाळाला हात लावला. "अरे, त्या लोकांना जुनं म्हणजे जुनंच हवं असतं. बाजारात विचार, घासलेल्या वस्तूला कुत्रं विचारत नाही. आता बॅग भरून ठेव. बोलले नाहीत ना? बोलत नाहीत तेव्हा तिकीटच काढतात." आणि दोन मिनिटांनी, "भाकरी खा आधी. बॅग काय, पाच मिनिटांत भरते."

ईदच्या सकाळी नासर आला. गोड शेवया, खजूर, अत्तराचा धूर, मजलिसमध्ये पोरांचा कल्लोळ. मी गहवा घेऊन आत गेलो तेव्हा त्यानं नुकतीच पेटी उघडली होती. तो असा हसला की त्याच्या डोक्यावरचा रुमाल घसरला. "कुणी केलं हे? याला तर आता लग्नात नेता येईल!" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. नासरनं मला नखशिखांत न्याहाळलं. "मिस्कीन," तो म्हणाला, म्हणजे बिचारा. मग भावाकडे वळला आणि हळू आवाजात, पहिल्यांदाच न चिडवता म्हणाला, "आता काय सांभाळतोयस तू? आहे तसं आता ते नाहीच. खलास. आता तरी त्याला बोलू दे."

बाबांनी पेटीचं झाकण लावलं. पण पुढच्या आठवड्यात नासर पेटी घेऊन क्लबातल्या कारागिराकडे गेला, जुनं पोलाद बार झेलेल की नाही ते तपासायला. आतली स्प्रिंग ठीक होती, नळी ठीक होती. एका स्क्रूच्या खाचेत मात्र काळा चिकट ऐवज निघाला आणि कारागीर चक्रावला. "हे कसलं तेल?" नासरनं चाटून बघितलं म्हणे, आणि फोनवर भावाला सांगितलं, "तुझ्या बंदुकीत चटणी आहे." बाबा त्या दिवशी जेवताना एकटेच एकदा हसले, असं हसनचाचांनी मला येऊन सांगितलं. मी विचारलं, रागानं की कसं? ते म्हणाले, "हसण्यात रागानं काय असतं, गाढवा?"

पण गुरुवार आला आणि मला कुणी खोलीत बोलावलं नाही. दुसरा गुरुवारही गेला. मी गाडी धुवायचो, पुन्हा धुवायचो. पलंगाखाली बॅग भरलेली होती. अम्माचा फोन आला की सांगायचो, सगळं बरं आहे. चूक केली याचं वाईट होतंच. पण जास्त जळत होतं ते माझं उत्तर. 'समजलं नाही, अरबी.' ज्या माणसानं मला स्वतःच्या वडिलांची वस्तू हातात दिली, त्याच्या नव्या डोळ्यात बघून मी पहिली गोष्ट केली ती ही.

तिसऱ्या शुक्रवारी मला गाडी काढायला सांगितली. दोघं भाऊ मागे, मध्ये पेटी. जुबैलच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की क्लबाचं कुंपण लागायचं. वाळूचे ढिगारे, पत्र्याची शेड, लांबवर आखलेल्या जागा. मला आत बंदुकीजवळ जायची परवानगी नव्हती, कुंपणाबाहेर गाडीशी उभं राहायचं. पण सगळं दिसत होतं आणि वारा इकडचा असल्यानं ऐकूही येत होतं. नासरनं क्लबवाल्यांना सांगून टोमॅटोचे डबे मांडले होते. घरून पिशवीत आणले होते ते.

बाबांनी रिव्हॉल्वर भरलं. पुस्तकात वाचलेलं सगळं त्यांना पाठ होतं आणि ते मोठ्यानं म्हणत होते: एक काडतूस घाल, एक घर सोड, मग चार घाल. सहा घरं, पण गोळ्या पाचच. घोडा टेकतो ते घर रिकामं, नाहीतर धक्का लागला तरी बार उडायचा. नासर म्हणाला, "हे सगळं येतं तुला?" बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं येतं." आणि मग ते नुसतेच उभे राहिले. इतक्या बंदुका असलेला माणूस, आणि ती रोखायची कशी ते हाताला माहीत नव्हतं. नासरनं त्यांचं कोपर धरलं नाही, चेष्टा केली नाही, बाजूला उभा राहिला. चार आवाज मला एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही. तरी मी ते ऐकले असं मला आजही वाटतं.

पहिला बार वाळूत गेला. दुसराही. तिसऱ्याला एक डबा उडाला आणि दोन म्हातारी माणसं एकाच वेळी ओरडली, आणि नासर, एवढा दणकट नासर, डबा आणायला धावत सुटला. क्लबचा माणूस शिट्टी वाजवत त्याच्या मागे. बार थांबल्याशिवाय पुढे जायची मनाईच होती. बाबा रिव्हॉल्वर खाली धरून उभे होते, आणि दुसऱ्या हातानं डोळा पुसत होते, जो डोळा चोळायचा नाही असं मला बजावून सांगितलं होतं तो. मी कुंपणाबाहेरून ओरडलो, "बाबा, डोळा नको!" मराठीत. त्यांनी वळून बघितलं आणि हात खाली घेतला.

ते परत आले तेव्हा नासर पाणी प्यायला मागे थांबला होता. रिव्हॉल्वर काजळीनं काळं झालं होतं. मी गाडीचं दार उघडून धरलं, आणि दार धरूनच म्हटलं, "बाबा, मला समजलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं ते. मला वाटलं डाग माझ्या अंगठ्याचा. तुम्हाला दिसायच्या आधी काढायचा होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी हिंदीत सांगितलं होतं."

मला रडूच फुटलं. भर उन्हात, दार धरून. त्यांनी पेटी सीटवर ठेवली. मग म्हणाले, "तीन दिवस मी समोर बसलो होतो. डोळे गेले होते, कान नाही. फडक्याचा आवाज वेगळा असतो, घासण्याचा वेगळा. मी विचारलं वासाबद्दल. आवाजाबद्दल विचारलं नाही." बस्स, एवढंच बोलले आणि आत बसले. का विचारलं नाही ते मी त्यांना त्यानंतरच्या अकरा वर्षांत कधी विचारलं नाही. आता ते नाहीत, आणि कपाटं रियाधला मुलाकडे गेली. कधी वाटतं, त्यांना तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, मला सावरायला बोलले. कधी वाटतं, स्वतःच्या हातानं त्यांना ती पेटी उघडवत नव्हती आणि दुसऱ्या कुणाकडून उघडली जावी असं आत कुठंतरी वाटत असेल. मी कमी शिकलेला माणूस. मला एवढंच कळतं की दोष दोघांत वाटून घेणारा मालक मी त्याआधी पाहिला नव्हता.

नासर आला. मी गाडी सुरू केली आणि दोनदा बंद पाडली. मागे दोघांचं सुरू झालंच होतं: डबा गोळीनं उडाला की वाऱ्यानं. नासर म्हणे वाऱ्यानं. बाबा म्हणे, मग भोक कसलं, दाखव. डब्याला भोक दोन्ही बाजूंना होतं, ते बोट घालून दाखवत होते. त्या गडबडीत मी वेग किती वाढवला ते माझ्या लक्षात आलं नाही. सुटल्यासारखं वाटत होतं, रस्ता मोकळा होता. रास तनुराच्या फाट्याशी आलो तेव्हा माझ्या खांद्यावर मागून थाप पडली.

"हळू," बाबा म्हणाले. "उद्यापण तुलाच चालवायचीय."